तीन बोटं खाली

पेद्रा मान्सा या आमच्या गावात दर रविवारी चर्च सुटलं की समोरच्या चौकात जुन्या गाड्या येऊन लागतात. लागतात म्हणजे काय, नुसत्या उभ्या असतात. बॉनेट उघडं, मालक शेजारी घडीच्या खुर्चीत, हातात बिअरचा पेला, आणि येणारा-जाणारा इंजिनात डोकावून मान डोलावतो. यातल्या निम्म्या गाड्यांना घर ते चौक याखेरीज दुसरा रस्ता माहीत नाही. देल्फिनोच्या गाडीचं तसं नव्हतं. तिला काम होतं. लांब पाठीची जुनी ओपाला, मागं एखादा माणूस तंगड्या पसरून झोपेल एवढी जागा, आणि त्या जागेतून दर शनिवारी त्याच्या बायकोचे, झुल्मिराचे, केक लग्नघरी जायचे.

देल्फिनो उभा जन्म साखर कारखान्यात फिटर होता. आता निवृत्त. निवृत्त माणसाचं घरात करायचं काय, हा आमच्याकडं मोठाच प्रश्न आहे. बाई वर्षानुवर्षं घर आपल्या पद्धतीनं चालवत असते, आणि एक दिवस हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, आता मी काय करू म्हणून. त्याच्याबरोबर कारखाना सोडलेल्यांपैकी एक जण सकाळपासून डॉमिनो खेळतो. दुसरा टीव्हीसमोर बसून बातम्या वाचणाऱ्याशी भांडतो, आणि बातम्या वाचणारा काही ऐकत नाही. देल्फिनो वाचला, कारण झुल्मिराला ड्रायव्हर हवा होता. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालायचा, गाडी दाराला लावायची, केक आत सरकवताना दार धरायचं, आणि मग दगडी गल्ल्यांतून डोक्यावर अंड्यांची टोपली असल्यासारखी गाडी न्यायची. झुल्मिरा मागं केकशेजारी बसायची, केकखालच्या पाटाला हात लावून. लग्नघरी लोक म्हणायचे, दोना झुल्मिराचा, म्हणजे झुल्मिराबाईंचा, ड्रायव्हर आला. दुसऱ्या एखाद्याला राग आला असता. देल्फिनोला बरं वाटायचं.

पण माणसाचं एवढ्यावर भागतं थोडंच! त्याला गाडी खाली बसलेली हवी होती. कारखान्यात शिकाऊ होता तेव्हापासूनची ही हौस. ओझं वाहायची गाडी म्हणून तिच्या मागच्या स्प्रिंगा उंच होत्या. रिकामी असली की ती नाक खाली, मागचा भाग वर अशी उभी राहायची, चरणाऱ्या गाईसारखी. ओनोफ्रे म्हणजे देल्फिनोच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून एकमेकांना हाक मारायची ती ‘कोंपाद्रे’ अशी, आणि तोंड विचाराल तर गावात एक नंबरचं वाईट. तो दर रविवारी विचारायचा, “कोंपाद्रे, शेण काढायला फावडं आणू का?”

शेवटी देल्फिनोनं झुल्मिराला विचारलं. ती तेव्हा साखरेची फुलं वळत होती. तिनं मानही वर केली नाही.

“कर,” ती म्हणाली. “पण माझ्या केकला तडा गेला तर मी दुसरी गाडी बघेन. गाडीही दुसरी आणि ड्रायव्हरही दुसरा.”

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. केक हे तिचं नाव होतं गावात, आणि नाव सांडलं की भरता येत नाही. देल्फिनोला हे कळत होतं. म्हणूनच तो नेटानं कामाला लागला.

ओनोफ्रेच्या मते काम सोपं होतं. कटर आण, स्प्रिंगचं दीड वेटोळं उडव, संध्याकाळी चौकात ये. आमच्या गावात सगळे असंच करतात. औषधवाल्याच्या पोरानं तर कापायचेही कष्ट घेतले नाहीत. गॅसची ज्योत लावून स्प्रिंगा लाल केल्या, गाडी आपसूक बसली. तेव्हापासून तो गल्लीतून गेला की आतल्या चौघांची डोकी चौघांच्या मर्जीविरुद्ध हो-हो म्हणत असतात. स्प्रिंग कापली की गाडी खाली येते, यात खोटं काही नाही. पण चाकाला वर यायला जागा उरत नाही, जुना लांब शॉकअप आधीच निम्मा दबलेला राहतो, आणि जरासा उंचवटा आला की लोखंडावर लोखंड आपटतं. तापवली तर आणखी वाईट, पोलादाचा जीवच जातो. आणि उंचवट्यांना इथं काय तोटा! स्पीडब्रेकरला आमच्याकडं नावच स्प्रिंगमोड्या आहे, आणि ते कुणी गमतीनं ठेवलेलं नाही.

देल्फिनो म्हणाला, तीन बोटं खाली, त्याहून एक रेघ जास्त नाही. ओनोफ्रे हसला. तीन बोटांना काय खाली करणं म्हणतात का, नुसती दमलेली दिसेल, म्हणाला. देल्फिनोनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तो बसनं शहरात गेला, एका म्हाताऱ्या स्प्रिंगवाल्याला गाठलं, आणि रिकाम्या गाडीचं नव्हे तर मागं केक आणि बायको बसलेल्या गाडीचं वजन सांगून स्प्रिंगा वळून घेतल्या. जुन्यांपेक्षा आखूड, पण तार किंचित जाड, म्हणजे गाडी खाली बसेल पण तळाला टेकणार नाही. शॉकअप आखूड दांड्याचे घेतले. आपटी खायचे रबरी ठोकळे तेवढेच छाटले. गाडी खाली आली की मागचा ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो, म्हणून त्याला धरणाऱ्या आडव्या दांड्याची लांबी नव्यानं जुळवली. सांध्यांतले जुने झिजलेले बुश काढून सगळीकडे नवं, कडक रबर बसवलं. काही म्हणजे काही सोडलं नाही त्यानं.

सगळं काम त्यानं आपल्याच परसात केलं. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचललेली, चाकं हवेत लोंबकळत. कारखान्यात एक नियम होता, की टांगलेली वस्तू तिचा शेवटचा नट आवळून झाल्याखेरीज खाली टेकवायची नाही. अर्धवट आवळलेल्या, चरकाच्या एका रुळानं त्याच्या डोळ्यांदेखत एका माणसाचा पाय नेला होता. त्या दिवसापासून सैल नट हे देल्फिनोच्या लेखी पाप होतं. त्यानं गाडी हवेत असतानाच एकूण एक बोल्ट जीव खाऊन आवळला, पुन्हा एकदा आवळला, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मग गाडी खाली उतरवली, चाकांचं अलाइनमेंट करून आणलं, आणि रविवारी चौकात नेली.

गाडी सरळ उभी होती. पाठ सपाट, मागचं चाक मडगार्डच्या सावलीत. ओनोफ्रेनं दोन फेऱ्या मारल्या आणि “हं” म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी. बोटं लावून पाहिलं तर ती तीन नाही, अडीचच बोटं उतरली होती. नव्या स्प्रिंगा आहेत, बसतील हळूहळू, असं देल्फिनोनं सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही.

शनिवारी एका बाप्तिस्म्याचा केक होता, तीन मजली. गल्ली ओलांडून, कारखान्याच्या रस्त्यानं, पलीकडच्या वस्तीतल्या हॉलमध्ये. देल्फिनोनं नेहमीसारखी गाडी चालवली. उलट जास्तच हळू. मागून झुल्मिराचा आवाज नव्हता. हॉलमध्ये झाकण काढलं तर मधल्या मजल्याच्या क्रीमला वरपासून खालपर्यंत तडा. एक साखरेचं फूल पाटावर पडलेलं. झुल्मिरानं पिशवीतून क्रीमची नळी आणि चपटी सुरी काढली, पाठ लोकांकडं करून उभी राहिली, आणि माणसं यायच्या आत तडा बुजवला. कुणाला कळलं नाही. देल्फिनो दाराशी उभा होता, त्याला कळलं.

घरी आल्यावर ती फाटक लावताना म्हणाली, डॉक्टरीणबाईंच्या मुलीच्या लग्नाला निवाल्दोची व्हॅन सांगते. निवाल्दो तिचा भाचा, त्याची पांढरी व्हॅन. गाडीत गाणी एवढी मोठ्यानं लावतो की आधी गाणं येतं आणि मग व्हॅन. झुल्मिराला तो मुळीच आवडत नाही. पण दगडापेक्षा वीट मऊ.

पुढचा आठवडा देल्फिनोनं गाडीखाली काढला. टायरमधली हवा कमी केली, पुन्हा भरली. शॉकअप काढून हातानं दाबून पाहिले, उत्तम होते. स्प्रिंगा जागेवर. ठोकळ्यांवर आपटल्याची खूण नाही. पांढरे ठिपके जसेच्या तसे. ओनोफ्रे येऊन उकिडवा बसायचा आणि सांगायचा की बघ, एवढे सोपस्कार करूनही औषधवाल्याच्या पोराच्याच पंगतीत आलास ना. देल्फिनोला ते लागलं. पण त्याहून जास्त त्याला शनिवार लागत होता. शनिवारी व्हॅन येणार, झुल्मिरा तिच्यात बसून जाणार, आणि आपण फाटक लावून आत येणार. आत येऊन काय करणार? टीव्ही?

शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, जुन्या स्प्रिंगा परत घालतो. मला नको ती हौस.

“स्प्रिंगांचं काही बिघडलेलं नाही,” झुल्मिरा म्हणाली. “गाडी आपटत नाही रे. खड्ड्यात गेली तरी आपटत नाही. साध्या दगडांवर थरथरते. तिला खाली जायचं असतं आणि कुणीतरी काखेत हात घालून तिला धरून ठेवतं.”

देल्फिनो म्हणाला, मला तर काही जाणवत नाही.

“कसं जाणवेल? तू पुढं बसतोस गादीवर. कधी मागं बसलायस?”

खरंच, तो कधीच बसला नव्हता. स्वतःच्या गाडीत मागं कोण बसतं? झुल्मिरानं फ्रिजमधून दुधाचं पुडिंग काढलं, ताटलीत उलटं केलं, ताटली त्याच्या हातात दिली आणि किल्ली स्वतः घेतली. लायसन तिच्याकडं होतं. चालवायची सवय नव्हती. फाटकातून निघतानाच गिअर असा काही कण्हला की ओनोफ्रे आपल्या शेडमधून बाहेर येऊन बघू लागला.

मागच्या बाजूला देल्फिनो पाय दुमडून बसला, मांडीवर ताटली. दगडी गल्ली लागली. गाडी खरोखरच आपटत नव्हती. पण पुडिंग क्षणभरही स्थिर नव्हतं. बारीक, कोरडी थरथर, एकसारखी, बुडाखालून येऊन हातात चढणारी. मोठ्या खड्ड्यापेक्षा वाईट, कारण खड्डा संपतो. स्प्रिंगमोड्या आला तेव्हा झुल्मिराला ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम आठवले आणि साखरेचा पाक देल्फिनोच्या पँटवर सांडला. तिनं आरशातून पाहिलं. हसली नाही.

“कळलं?” तिनं विचारलं.

“कळलं,” तो म्हणाला. मग ताटली सावरत म्हणाला, “मला शनिवारी घरी बसायचं नाहीये, झुल्मिरा.”

“मग मी काय निवाल्दोची गाणी ऐकायला जन्माला आलेय का?” ती म्हणाली, आणि गाडी बंद पाडली.

तिथून सुरू करून त्यानं गाडी तडक ओनोफ्रेच्या शेडमध्ये नेली. तिथं खड्डा होता. घोड्यांवर उचललेल्या गाडीखाली तो आठवडाभर निजला होता. चाकांवर उभ्या असलेल्या गाडीखाली मात्र एकदाही गेला नव्हता. काखेत धरलंय, हे तिचे शब्द त्याच्या डोक्यात होते. तो खड्ड्यात उतरला, दिवा वर धरला, आणि बघतच राहिला. नवे बुश, जेमतेम दोन आठवड्यांचे, पिळलेल्या फडक्यासारखे पिळलेले. एकाची कड फाटायला लागलेली. आणि प्रत्येक बोल्टवर त्याच्या हातचा पांढरा ठिपका.

त्याला तिथंच बसावंसं वाटलं. रबर जिथं आवळाल तिथं ते धरून बसतं. त्यानं आवळलं तेव्हा चाकं हवेत लोंबत होती. गाडी जमिनीवर आली, चाकं वर सरकली, पण रबराला तीच लोंबती जागा आपली वाटत होती. प्रत्येक दगडावर ते चाकाला खाली ओढत होतं. राहिलेलं अर्धं बोटही तिथंच अडकलं होतं. ज्या नियमानं कारखान्यात माणसांचे पाय वाचवले, त्याच नियमानं त्यानं आपल्या गाडीचे पाय बांधून ठेवले होते. तीस वर्षांची सवय, आणि ती चुकीची असेल असं मनात यायलाही जागा नव्हती.

ओनोफ्रेला हे सांगितल्यावर तो पोट धरून हसला. हसून झाल्यावर मात्र त्यानं शेडचं दार पूर्ण उघडलं आणि विचारलं, बोल, काय आणू.

काय आणायचं ते देल्फिनोनं नीट ठरवलं. गाडी जशी शनिवारी असते तशीच हवी. केकच्या जागी साखरेची आणि मैद्याची पोती, केकच्या वजनाची. पुढं देल्फिनोच्या जागेवर ओनोफ्रे, कारण पोट धरलं तर दोघांचं वजन सारखं भरतं. आणि मागं, नेहमीच्या जागी, झुल्मिरा. ती हाताला मैदा तसाच घेऊन आली होती आणि आल्या आल्या म्हणाली, ओव्हनमध्ये केक ठेवून आलेय, लवकर उरक.

देल्फिनोनं खड्ड्यातून एकेक बोल्ट सैल केला. पहिल्या दोनांना काही झालं नाही. तिसऱ्याला गाडी कुरकुरली, आणि चौथ्याला एक लांब श्वास सोडावा तशी खाली बसली. वरून ओनोफ्रे ओरडला, अरे पडली का काय. देल्फिनोनं बोटं लावली. पुरती तीन. मग त्यानं दोघांना आत थोडं हलायला सांगितलं, म्हणजे रबर आपापल्या जागी बसेल. ओनोफ्रे सांबा नाचल्यासारखा खुर्चीत उड्या मारू लागला, आणि झुल्मिरानं त्याच्या खांद्यावर मैद्याचा हात दिला.

“म्हाताऱ्या,” ती खाली खड्ड्याकडं वाकून म्हणाली, “माझं वजन आज कामाला आलं, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही.”

सगळं वजन डोक्यावर असताना देल्फिनोनं एकेक बोल्ट आवळला. फाटायला लागलेला बुश दुसऱ्या दिवशी बदलला, तोही असाच, सगळ्यांना पुन्हा आत बसवून. ओनोफ्रेनं त्याबद्दल झुल्मिराकडून एक आख्खं पुडिंग वसूल केलं.

शनिवारी निवाल्दोची व्हॅन दाराशी आली. म्हणजे आधी गाणं आलं. झुल्मिरानं त्याला मिठायांचे खोके दिले, थंड पेयांचं पिंप दिलं, आणि हे घेऊन पुढं हो म्हणाली. केक कुठाय, त्यानं विचारलं. केक आमच्या गाडीत, ती म्हणाली. देल्फिनो तेव्हा गाडीचं मागचं दार धरून उभा होता. हात पँटला पुसून त्यानं ते पुन्हा धरलं.

चार मजली केक. लग्न नदीपलीकडच्या मळ्यावर. झुल्मिरा मागं बसली, पाटाला हात लावून. गल्ली लागली तशी देल्फिनोच्या कानशिलावर घाम आला. दगड तेच होते. गाडी त्यांच्यावरून जात होती, पण त्यांच्याशी भांडत नव्हती. मागून आवाज नाही. गेल्या वेळीही आवाज नव्हता, हे त्याला आठवलं. आरशात बघायचा धीर होईना. कारखान्याचा रस्ता आला, स्प्रिंगमोड्या आला, त्यानं तो तिरका घेतला, आधी एक चाक, मग दुसरं.

“थांब,” झुल्मिरा म्हणाली.

त्यानं गाडी कडेला घेतली. गेलं सगळं, असं त्याला वाटलं. तडाच गेला असणार. तिनं मागचं दार उघडलं, उतरली, वाकून एकदा केककडं पाहिलं, झाकण नीट केलं आणि दार लावून घेतलं. मग गाडीला वळसा घालून ती पुढं आली आणि त्याच्या शेजारी बसली. पदराआड लपवावी तशी तिनं तडा बुजवायची क्रीमची पिशवी पायाशी सरकवली. मागं फार उकडतं, म्हणाली.

एवढ्या वर्षांत केकला एकट्याला मागं सोडून ती कधी पुढं आली नव्हती. देल्फिनोनं गिअर टाकला.

मळ्याचं फाटक दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी दोन लग्नं आहेत. दोन खेपा होतील. जमेल ना तुला?”

“जमेल,” तो म्हणाला.